मधली खुर्ची

जुनं स्टेडियम पाडायला घेतलं होतं. समोरच्या बसथांब्यावर, ड्युटीवरून घरी निघालेल्या नर्सबाईंच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. शेजारी स्टेडियममधल्याच तीन लाकडी खुर्च्या.

“आपल्याला दोन पुरे होत्या की हो!”

“मधली अण्णांची. तुझे वडील मॅचला आपल्या मधोमध बसायचे, विसरलीस?”

“बरी विसरेन!”

“मॅच रंगात आली की नेमके घोरायला लागायचे. म्हणून तर तुझ्याशी बोलता आलं.”

“सोंग होतं ते. मला म्हणायचे, ‘मी झोपलोय. गोल झाला की तेवढं सांग.’”

“म्हणजे... सगळं ऐकायचे?”

“सगळं.”

नर्सबाईंची बस आली आणि गेली. त्या जागच्या हलल्याच नाहीत.

“अहो, खरं सांगू? मला तेव्हाच तुम्ही...”

“हळू बोल जरा,” मधल्या खुर्चीकडे बघत म्हातारा म्हणाला.