समुद्र कसा होता?

अंदमानचं विचारता ना, तर ऐका वं. पोरगा न् सून मोठ्या हौसेनं घेऊन गेले मले. "आई, तू फक्त आराम कर," म्हणे. अन् रोज सकाळी नातीले माह्या मांडीवर देऊन दोघंही बोटीत फिरायले! तान्ही पोर, तिले ऊन सहन होत नाही, म्हणून आम्ही दोघी दिवसभर खोलीत, दार लावून.

शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "बाबू, निघायच्या आधी पाय तरी बुडवून येते गा."

"आता काहून? टॅक्सी येऊन राहिली. ओल्या पायानं विमानात बसशील का?"

विमानात खिडकी सुनेले, तिले व्हिडिओ काढायचा होता. नात माह्याच मांडीवर.

नागपूरले सुनेची आई घ्यायले आली होती. तिच्यासमोर पोरगा म्हणते, "आई, पुढच्या वर्षीही यायचं बरं! तू होती म्हणून आम्हाले सुट्टी वाटली."

विहीणबाईनं कौतुकानं विचारलं, "मग, समुद्र कसा होता?"

मी म्हटलं, "आवाज चांगला होता. दार लावलं तरी ऐकू येत होता."