थडग्याशेजारची खोली

प्रॉव्हिडेन्सिया बेटावर जाणाऱ्या बोटीची रांग हलत नव्हती. मिस अर्मिंडा कोंबड्यांच्या खुराड्यावर टेकली. पुढे फळ्यांच्या ढिगापाशी बहीणभाऊ उभे होते.

"एवढ्या फळ्या कशाला रे, ऑर्ली?"

"नवी खोली बांधतोय, ताई. अगदी समुद्रासमोर. पाहुणे तशीच मागतात."

"समोर अंगणात बाबांचं थडगं आहे."

"त्याला कोण हात लावतंय? त्याच्या शेजारी बांधतोय."

"शेजारची जागा आईनं स्वतःसाठी ठेवलीय!"

"आई चांगली ठणठणीत आहे."

"म्हणून तिच्या जागेवर परक्यांना झोपवणार?"

"चार खोल्यांवर रिसॉर्ट चालत नाही, ताई. तू येतेस, फुलं वाहतेस, मासे खाऊन जातेस. चालवायचं मला असतं."

"आईला विचारलंस?"

"विचारलं की."

मिस अर्मिंडानं कोंबड्यांना दटावून गप्प केलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, खुशाल बांध. जन्मभर त्यांचं घोरणं ऐकलं, आता मला टेकडीवर चर्चपाशी पुरा."

"थट्टा केली असेल."

"मीही हसलो."

"मग?"

"मग जाऊन थडग्यापाशी बसली. जेवायला हाका मारल्या, उठली नाही."

"आणि तू फळ्या घ्यायला आलास."

"काय करू मग?"

खलाशी आला. "या चढवायच्या ना?"

ऑर्लीनं ताईकडे पाहिलं.

"माझ्या वाट्याच्या जमिनीवर बांध. नारळींखाली."

"तिथे तू घर बांधणार होतीस. कायमची परत आलीस म्हणजे?"

"आईपाशी झोपेन. चढव रे दादा फळ्या, बोट सुटेल."