टिक्यानं कोंबडा सोडला

माझं म्हायेर रोह्याकडं, खांबच्या बाजूला, भात नि वाल पिकवनारी मानसं आमी, आनि दिलं ते पेनला, धरमतरच्या खाडीवर मिठागरात. काय सांगू तुम्हाला, पयल्या वर्षी पायाची सालटी निघाली. आता मिठागर सुटलं, पोरगा डोलवीला कंपनीत शिफ्ट करतो, आनि दिवसभर घरात मी, माझे मालक आनि ह्यो टिक्या. कपाळाला पांढरा टिका हाय म्हनून टिक्या.

कुत्रा गुनी, पन एक खोड. धरलं का सोडायचा नाय. चप्पल, लुगडं, टॉवेल, काय बी. आनि आमच्याकडं कुत्र्यानं काय उचललं का सगळी आळी उठते, अरे सोड, मेल्या सोड, कोन काठी घेऊन धावतो, कोन तंगडी ओढतो, मी पन तेच करायची, नि तो आनखीन दात रुतवायचा. तिसरी चप्पल गेली तशी मालक बोलले, आता काय धरलंन तर गोनीत घालून हायवेला सोडून येतो, पार खांबच्या पुढं. मी बोलले, व्हय, माझ्या म्हायेरालाच बरा सोडताव. पन गोनी त्यांनी खुंटीला टांगलीच. माझा जीव अडकलेला हो त्याच्यात.

मग एक दिवस होडीच्या जुन्या दोरीचा तुकडा घेऊन त्याच्याशी ओढाओढी खेळत बसलेले, नि माझा खांदा भरून आला. हात मांडीवर टाकला नि गप बसले. दोरी सोडली नाय, पन ओढली बी नाय. त्यानं दोनदा हिसका मारला, माझ्या तोंडाकडं बघितलंन, आनि सोडली! मी लगेच दोरी परत त्याच्या तोंडाशी नाचवली. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याला वाटायचं, सोडली म्हंजे खेळ संपला, वर काठी. आता सोडली का परत मिळते. मग रोज भांडी झाली का हाच धंदा, ओढायची, थांबायची, सोड बोलायची, सोडली का परत द्यायची. मालक हसायचे, म्हातारपनी शाळा काढलीस गो.

आनि जत्रेला आठ दिवस असताना टिक्यानं कोंबडा धरला. शेजारच्या थोरल्या जावेचा, नातीच्या दुखन्यात गावदेवीला बोललेला. आळी काठ्या घेऊन आली, मालकांनी गोनी काढली, जाऊ छाती पिटते, देवीचा हाय गो त्यो, माझा नवस मोडला. मी वरडले, कोन हलला तर माझी शपथ हाय, खाली बसा! बसले सगळे. मी दोरी घेतली, त्याच्यासमोर उभी ऱ्हायले, हात ढिले टाकून हळूच बोलले, सोड. कोंबड्याचा डोळा गरगर फिरतोय. टिक्या बघतोय माझ्याकडं. बघतोय, बघतोय, नि सोडलंन.

कोंबडा बोंबलत जावेच्या पदरात. मी लगेच दोरी दिली त्याला, ओढते नि रडते, मेल्या, शाना माझा. बाळंतपन झाल्यावर वाटलं होतं ना, तसं सुटल्यासारखं वाटलं बघा. कोंबड्याची शेपटी तेवढी अंगनात ऱ्हायली. मालक बोलले, देवी घेईल काय असला? जाऊ डोळे पुसत बोलली, मी कोंबडा बोलले भावजी, शेपटी नाय बोलले.

ती गोनी आता दाराशी अंथरलीय, टिक्या तिच्यावरच झोपतो. देवीनं राखलं आमाला, तुमचं बी बरं करो. आनि रोज सांच्याला दोरीचं दुसरं टोक मालकांच्या हातात. चा निवतो, मी बोलते सोड, तर टिक्या सोडतो, मालक काय सोडत नाय.