मावशी पुढे, गाइड मागे

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या एका दवाखान्यात रेणू आपला नंबर लागायची वाट बघत बसली होती. मागच्या खुर्च्यांवरून मराठी ऐकू आलं आणि तिचे कान टवकारले. नागपूरहून आलेली एक मावशी होती आणि पाय सुजलेला तिचा भाचा, देवदत्त.

“मावशी, घरी गेल्यावर राधिकाला सांगायचं, पार्किंगमध्ये घसरलो. गुहेचं नाव काढायचं नाही.”

“काहून रे? इतकी सुंदर बर्फाची गुहा! नुसती झुंबरं लटकलेली.”

“सुंदर? अर्धा तास हरवलो होतो आपण! आणि तो गाइड म्हणे, पंधरा वर्षांचा एक्सपीरियन्स आहे.”

“आहे ना. फ्लोरिडातल्या बोटीवरचा.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“त्यानंच. रडायला लागला तेव्हा. ही गुहा फक्त व्हिडिओत पाहिली होती म्हणाला.”

“मला तर वाटलं, संपलं सगळं. पायाखालचा बर्फ कडकड वाजत होता यार!”

“म्हणून तर त्याला म्हटलं, आय फ्रंट, यू बॅक. गालाला ज्या बाजूनं वारा लागत होता, तिकडे चालत राहिले. वारा येतो तिथे बाहेरची वाट असणारच.”

“तुला भीती नाही वाटली?”

“वाटली की. पण तुम्ही दोघं माझी शाल धरून चालत होतात. मी कुणाची धरू?”



“थँक यू, मावशी. बरं, निघताना तो तुझ्या कानात काय सांगत होता?”

“शनिवारी बारा जण येणार आहेत म्हणे. तुम्ही पुढे चालाल का, विचारत होता.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, येते. फक्त बूट माझ्या मापाचे आण.”