मी सांगेपर्यंत उठायचं नाही

गोलकीपर : लिहून घे. आज एकही गोल जाणार नाही. पोस्टाच्या संघाने तोफ आणली तरी नाही. या कमरेत आता स्प्रिंग आहे, स्प्रिंग!

मेव्हणा : ते बरंय दाजी, पण ही स्प्रिंग फरशीवरून उठणार कधी? खाली बस उभी आहे. सगळा संघ आत बसलाय, ड्रायव्हर दर मिनिटाला घड्याळ बघतोय, आणि आमची भिंत हॉलमध्ये आडवी!

गोलकीपर : उठता येत नाही.

मेव्हणा : कंबर धरली?

गोलकीपर : कंबर ठणठणीत आहे.

मेव्हणा : मग गुडघा?

गोलकीपर : लोणी.

मेव्हणा : मग काय डिंक लावून झोपलात? ए भाचे, बाहेर ये जरा! तुझ्या बापाला काय झालंय?

लेक : ओरडू नकोस मामा. काही झालेलं नाही. शवासन करतायत.

मेव्हणा : फायनलच्या दिवशी?

लेक : रोजच करतात. साडेसहाला फोन लावून सुरू होतात, सव्वासातला हे असे आडवे. आई गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. पाच महिने झाले.

मेव्हणा : दाजी, तुम्ही योगासनं करता? तुम्ही? ताईच्या वर्गाला 'लोळण क्लब' म्हणणारे?

गोलकीपर : तूही म्हणायचास.

मेव्हणा : मी आपला तुमच्या मागून री ओढायचो. बारसं तुम्ही केलंत.

लेक : मागच्या महिन्यात समोरच्या काकूंनी दारातून बघितलं. हाका मारल्या, हे ओ देईनात. काकूंनी अख्खा मजला गोळा केला. डॉक्टर आले. वरच्या काकांनी तर ऑफिसला रजाही कळवून टाकली.

मेव्हणा : आणि हे?

लेक : डॉक्टरांनी नाडी बघायला हात धरला, तर डोळे न उघडता म्हणतात, 'थांबा, तिने अजून उठा म्हटलेलं नाही.' काकू जागच्या जागी चक्कर येऊन पडल्या. मग डॉक्टर त्यांना बघत बसले.

गोलकीपर : माझी काय चूक? नावातच शव आहे. लोक जमणारच.

मेव्हणा : ते जाऊ दे. 'तिने म्हटलेलं नाही' म्हणजे? कुणी?

लेक : तूच ऐक. शेवटचं अर्धं मिनिट लावते.

फोन : …आता शवासन. पाय सैल, खांदे सैल, जबडा सैल. जबड्याला सगळे विसरतात. श्वास मोजत बसू नका, तो काही कुठे पळून जात नाही. नुसतं पडून राहा. मी सांगेपर्यंत उठायचं नाही.



मेव्हणा : ताईचा आवाज.

लेक : हो.

मेव्हणा : अगदी तस्साच गं. 'जबड्याला सगळे विसरतात.' … पुढे?

लेक : पुढे नाही. तिथेच संपतं.

मेव्हणा : संपतं कसं? असं अर्ध्यावर?

लेक : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रेकॉर्ड केलं होतं तिने. तीन आठवडे वर्ग बुडायला नको म्हणून. तिचा फोन बिघडला होता, म्हणून बाबांच्या फोनवर केलं. आणि फोन भरला. तिला कळलंच नाही, ती बोलत राहिली असणार. आपल्याकडे आलं ते एवढंच.

गोलकीपर : कळलं होतं तिला.

लेक : काय?

गोलकीपर : तुला सांगितलं नाही मी. सुरू करायच्या आधी स्वयंपाकघरातून हाक मारली होती तिने. म्हणाली, 'अहो, फोन म्हणतोय जागा कमी आहे. तुमचे एकदोन व्हिडिओ उडवू का?' मी म्हटलं, खबरदार. त्यात माझ्या पेनल्ट्या आहेत.

मेव्हणा : पेनल्ट्या?

गोलकीपर : अडवलेल्या. सतरा. त्यातल्या तीन तर नुसत्याच बारवरून गेल्या होत्या, मी हातही लावला नव्हता. त्याही ठेवल्या होत्या.

लेक : बाबा…

गोलकीपर : बरं म्हणाली. 'पुरेल तेवढं पुरेल' म्हणाली. नाही पुरलं.

मेव्हणा : दाजी, तुम्हाला काय माहीत होतं ती परत…

गोलकीपर : वीस वर्षं माझ्या मागे लागली होती रे. 'या एकदा. मागच्या रांगेत चटई टाकून ठेवते.' मी म्हणायचो, पुरुषाने पळावं, उड्या माराव्यात, घाम गाळावा, हे लोळणं कसलं? ही बघ, हीच ती चटई. पाच महिन्यांपूर्वी उलगडली तेव्हा वरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. आणि आता ऐक. खालचा डावा कोपरा आठवतो माझा?

मेव्हणा : न आठवून कसं चालेल? सगळ्या गावाचा होता तो कोपरा. कुणीही यावं, गोल मारून जावं.

गोलकीपर : तो आता माझा आहे. मांडीचे सांधे सुटले, त्या बाजूला पाय पोचायला लागला. आधी पेनल्टीला काळीज कानात वाजायचं. आता ती म्हणते तसा श्वास सोडतो लांब, तर समोरच्याचाच पाय लटपटतो. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी अख्ख्या स्पर्धेत दोनच गोल खाल्ले मी. ती बरोबर होती. शब्दन् शब्द बरोबर होता तिचा. आणि 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' म्हणायला ती नाही. एकदा म्हणायला पाहिजे होतं रे तिने. मी ऐकून घेतलं असतं. भांडलोही नसतो.

मेव्हणा : भांडला असतात.

गोलकीपर : थोडा.

मेव्हणा : बरं, पण रोज उठता तर खरे! डेपोत कामावर आठला हजर असता.

गोलकीपर : रोज हिच्या हातून काहीतरी पडतं आत. दचकून उठतो. आज काही पडलं नाही.

लेक : आज मी पाडलं नाही.

गोलकीपर : पाडलं नाही म्हणजे?

लेक : बाबा, रोज बरोब्बर साडेसातला तेच पातेलं कसं निसटेल? बघा त्याच्याकडे, पोचे पडून पडून चौकोनी झालंय.

गोलकीपर : मला वाटलं तू वेंधळी आहेस. आईवर गेली नाही म्हणून वाईटही वाटायचं.

लेक : मी उद्या होस्टेलला चाललेय. वर्षभर. परवापासून कोण पातेलं पाडणार? काकू? म्हणून आज म्हटलं, बघू, आपले आपण उठतात का. दारामागे उभी होते. उठला नाहीत.

गोलकीपर : कसा उठू? मी उठलो की संपलं ना. ती सांगायची आहे तोवर वर्ग चालू आहे.

लेक : तिच्या वर्गातल्या बायकांना विचारायचं होतं. रोज शेवटी काय म्हणायची ते त्यांना पाठ असेल.

गोलकीपर : कुठल्या तोंडाने विचारू? जिन्यात भेटल्या की 'काय, लोळून झालं का?' म्हणायचो त्यांना. तू का नाही विचारलंस?

लेक : मीही एकदासुद्धा गेले नाही बाबा. तिची लेक असून. सकाळची झोप सोडवायची नाही. मलाही लाजच वाटते.

मेव्हणा : मला माहितीये.

लेक : काय माहितीये?

मेव्हणा : ती काय म्हणायची ते. हसणार असाल तर नाही सांगत.

गोलकीपर : तुला कुठून माहीत?

मेव्हणा : मी जायचो. चार वर्षं. खांबामागे बसायचो, टोपी घालून. बायका मला 'खांबवाले भाऊ' म्हणायच्या.

गोलकीपर : तू? अरे, तुझा गुडघा तर कसल्यातरी तेलाने बरा झाला होता!

मेव्हणा : कसलं डोंबलाचं तेल! संघात कळलं असतं तर कॅप्टन म्हणून कुणी विचारलं असतं का मला? तुम्हीच सगळ्यांत आधी टवाळी केली असती. ताईला शपथ घातली होती, दाजींना सांगू नकोस.

गोलकीपर : आणि तिने नाही सांगितलं.

मेव्हणा : नाही. तेल विकत आणून द्यायची वर, तुम्हाला दाखवायला.

लेक : मामा, ती काय म्हणायची?

मेव्हणा : थांब गं. नीट आठवू दे, रोज तेच असायचं. आधी दोनदा टाळी वाजवायची, हळू. मग म्हणायची, 'चला. बोटं हलवा. उजव्या कुशीला वळा, हात टेका, सावकाश उठून बसा.' आणि मग… दाजी, रागावू नका हं.

गोलकीपर : बोल.

मेव्हणा : म्हणायची, 'सावकाश म्हणजे सावकाश. आमच्या घरी एक जण आहेत, ते झटक्यात उठतात आणि मग दिवसभर कंबर धरून बसतात. तसं नको.' सगळा वर्ग हसायचा. रोज. पाठ होतं सगळ्यांना, तरी हसायचे. एकदा विसरली तर पुढच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, 'अहो बाई, आज तुमचे हे राहिले की!'

गोलकीपर : रोज म्हणायची?

मेव्हणा : रोज. तुमचं नाव निघाल्याशिवाय वर्ग सुटायचाच नाही.

गोलकीपर : म्हणजे मी होतो वर्गात.

मेव्हणा : चार वर्षं तर मी साक्षीला आहे. त्याआधीचं आजींना विचारा.

लेक : बाबा, रडताय?

गोलकीपर : जबडा सैल सोडलाय. पुन्हा एकदा म्हण रे. पहिल्यापासून, टाळीसकट.

मेव्हणा : आता? बसवाला हॉर्न देतोय.

गोलकीपर : देऊ दे. म्हण.

मेव्हणा : चला. बोटं हलवा. उजव्या कुशीला वळा…

गोलकीपर : अरे, ऐकलंस का गं? मी होतो! ती मला रोज… आण ते बूट! आज तो कप तिच्या फोटोपुढे नाही ठेवला तर…

मेव्हणा : दाजी, सावकाश!

लेक : बाबा!

मेव्हणा : गेली कंबर.

गोलकीपर : आई गं… आई आई आई… हात लावू नकोस! कुठेच लावू नकोस!

लेक : मामा, तू जा. बस सुटेल. मी आहे इथे, होस्टेलला दोन दिवस उशिरा गेले तरी चालतं. थांब, ड्रायव्हरकाकांचाच फोन आहे. हॅलो? हो, मामा निघालाय. नाही, बाबा नाही येत. दुसरा गोलकीपर बघा. काही नाही हो काका, झटक्यात उठले.