अट कुठं आहे, काकू?

…नाही नाही, तुम्ही हसून राहिल्या बायांनो, पण माझ्या जागी असत्या ना, तर तुमचेही हातपाय गार पडले असते! अहो, सगळे शेतकरी रामाकोन्याला! सगळे! पांढुर्ण्याचे, सौसरचे, मोहगावचे… मी एक बोट दाबलं आणि अख्ख्या मुलखानं गाव बदललं!

थांबा, नीट सांगते. माझी प्रणाली नोकरीला पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "आई, तू बारावी पास आहे, घरात बसून काय करून राहिली? कॉम्प्युटरवरचं एसक्यूएल शीक, डेटाचं काम मिळते." मग काय, सौसरहून बस पकडायची आणि पांढुर्ण्याला चेतन सरांच्या क्लासला जायचं. सगळे पोरं-पोरी प्रणालीच्या वयाचे, आणि मधात मी, डबा मांडीवर घेऊन! सरही पोरगाच, पण काय शिस्तीचा! "काकू, माहितीचा तक्ता असते. त्यात काय बदलायचं ते सांगायचं, आणि कोणाचं बदलायचं ती अट लावायची. व्हेअर लिहून! अट नाही लावली तर हुकूम सगळ्यांना लागू." समजलं मला. पण लिहायला बसली की अट राहूनच जायची, आणि सर मागून यायचे, "अट कुठं आहे, काकू?"

आता तुम्हीच सांगा, मला अटीची सवय कुठून असणार? आम्ही कधी मालकांचं नाव घेतलं का? सासूबाईंनी नाही घेतलं, मीही नाही. तोंडातून नाही आणि हातातूनही नाही, कुठं लिहायची वेळ आली तर प्रणाली लिहायची. नुसतं "अहो" म्हटलं की बरोबर तेच येतात ना! फक्त एकदा जामसांवलीला, हनुमानजीच्या लाइनीत, मी जोरानं "अहो!" म्हटलं, तर अर्ध्या लाइनीनं वळून पाहिलं! सरांना हे सांगितलं तर ते टेबलावर हात मारून म्हणाले, "बस, काकू! हेच! तिथं अट कुठं होती?"

तर संत्र्याच्या एका पॅकिंग हाउसमध्ये डेटा पाहायला माणूस पाहिजे होता. आमच्या क्लासमधून दोघींना बोलावलं, मला आणि पूनमला. पूनम बीएस्सी, बोटं अशी चालतात की दिसत नाहीत! पण मला ती खुर्ची पाहिजेच होती. हो, पाहिजेच होती! आजवर कोणाची सून, कोणाची आई, कोणाची वहिनी म्हणूनच बसली ना मी सगळीकडं? एकदा नलिनी म्हणून बसायचं होतं.

तिथल्या जयश्री मॅडम, चष्मा नाकावर, बोलणं मोजकं. "आमच्याकडं खोटा तक्ता नाही. हा खरा आहे. बारा वाजता यातूनच ड्रायव्हर लोकांच्या मोबाइलवर गावं जातात, गाड्या तिकडं माल उचलायला निघतात. सांभाळून." घड्याळात पाहिलं, बाराला थोडाच वेळ! म्हटलं, देवा, विचार, काहीही विचार. तर मॅडम म्हणतात, "मोहगावचे मुकुंदजी. त्यांचा माल आता रामाकोन्याच्या बागेतून येणार. गाव बदला."

मुकुंदजी!

अहो, एवढ्या शेतकऱ्यांत यांना हेच सापडले? गौतम घ्या, अंकुश घ्या, गुणवंता घ्या! हे तर आमच्या… म्हणजे तुम्हाला माहीतच आहे कोणाचं नाव! मी लिहिलं, अपडेट, शेतकरी, गाव बरोबर रामाकोना… आणि हात थांबला. मॅडम पाहून राहिल्या, घड्याळ पळून राहिलं. नावाऐवजी शेतकऱ्याचा नंबर टाकावा म्हटलं, तर नंबर शोधायलाही आधी नावच लागते! मग काय केलं मी? तीस वर्षं जे केलं तेच. नाव मनात घेतलं. मनातल्या मनात अट लावली, आणि एंटर दाबला!

खाली उत्तर आलं, किती ओळी बदलल्या. एक यायला पाहिजे. आला तीन आकडी आकडा!

कानात चेतन सर, "अट कुठं आहे, काकू?" डोळ्यासमोर सगळ्या गाड्या एकामागे एक रामाकोन्याला, आणि बाकी गावांत संत्री तोडून ढीग पडलेले! मॅडम खुर्चीतून उठल्या. "काय केलं हे?" आवाज काय हो तो! आणि मला एकच आठवून राहिलं, पहिली ओळ बिगिन लिहिली होती का नाही? सर म्हणायचे, आधी बिगिन लिहिलं तर केलेलं मागं घेता येते, नाही तर गेलं! लिहिलं होतं का? बस सुटल्यावर आठवत नाही का, गॅस बंद केला का नाही? तस्सं! लिहिलं वाटते… नाही वाटते… मी डोळे मिटले आणि टाइप केलं, रोलबॅक.

उघडले. रोलबॅक झालं! सगळे आपापल्या गावी परत!

"आता बरोबर करा," मॅडम म्हणाल्या. "आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचा." मोठ्यानं! पूनम दारात उभी, शिपाई दारात उभा. मी पदर सावरला आणि म्हटलं, "व्हेअर नाव बरोबर… मु… मुकुंद. आणि गाव बरोबर मोहगाव." एक ओळ! आणि तेव्हा कुठं बारा वाजले. मॅडम चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "चूक सगळेच करतात. परत आणायची सोय आधी कोणी करत नाही. सोमवारी या, नलिनीताई."

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे तर लाल झाले! "म्हणजे माझं नाव पहिल्यांदा घेतलं, ते त्या मशिनीला?" आणि बसले अंगणात जाऊन. संध्याकाळी मी म्हटलं, "अहो, जेवायला या." हे जागचे हलले नाहीत. पुन्हा म्हटलं, "अहो!" तर अंगणातून काय यावं? "अट कुठं आहे?"

घ्या! म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. दारात उभी राहिली, जीव एकवटला आणि खणखणीत हाक मारली, "मुकुंदजी! जेवायला या!"

हे आले, हसत हसत. आणि कुंपणापलीकडचे रिटायर मास्तर, मुकुंदजी, तेही आले, हात धुऊन!

आता काय करता? वाढलं दोघांनाही.