आठ पहाटा घंटा वाजली नाही

केशवाला नमस्कार, आणि त्याच्यासमोर बसलेल्या तुम्हा सगळ्यांना.

मंडळी, आख्यान म्हटलं की एखादा राजा लागतो. आज राजा नाही. आज गेल्या मार्गशीर्षातला एक गुरुवार आहे, आणि त्या गुरुवारी काहीही झालं नाही. म्हणून तर तो सांगायचा.

माझे वडील, तुमचे भाऊ आठल्ये. चाळीस वर्षं त्यांनी या देवळाची पूजा केली, दर उत्सवात याच जागी उभं राहून कीर्तन केलं. तर त्या गुरुवारी सकाळी भाऊंनी पोह्यांत मीठ दोनदा घातलं. माझ्या मुलींनी तोंडं वाकडी केली. थोरली शाल्मली तेव्हा सात वर्षांची, धाकटी केतकी चारची. भाऊ म्हणाले, "एवढा समुद्र ओलांडून आलात, थोडा पोटात जाऊ दे."

संध्याकाळी ते दोघींना खाडीवर घेऊन गेले. येताना केतकी त्यांच्या खांद्यावर पेंगायला लागली. तिला आठ वाजेपर्यंत जागं ठेवायचं होतं. मग भाऊ मोठ्यानं आकडे मोजायला लागले, मुद्दाम चुकीचे. "एक, दोन, पाच." खांद्यावरून आवाज आला, "तीन." "बरं, तीन. चार, नऊ." "आजोबा, पाच." अशी ती वरच्या आळीपर्यंत जागी राहिली. दुसऱ्याची चूक सुधारायची असली की माणसाला झोप येत नाही, मंडळी. हसा, हसायला हरकत नाही. भाऊ असते तर याच वाक्याला थांबून त्यांनी पेटीवाल्या सदाकाकांकडे बघितलं असतं.

आठला मुली तूपभात खाऊन झोपल्या. भाऊ खोलीच्या दाराशी आले. हळूच म्हणाले, "वृंदा, रविवारी ना, नक्की?"

मी म्हटलं, "रविवारी, भाऊ."

संपला गुरुवार. रविवारी काय होतं, ते आता कळेल. त्याआधी एक प्रश्न विचारते, तेवढा मनात ठेवा. हाक कानावर पडली आणि माणूस उठला नाही, तर दोष कोणाचा? कानाचा नाही, कान तर ऐकतो. मग कशाचा?

आता आठ दिवस मागे चला. बुधवारी संध्याकाळी आम्ही मेलबर्नहून आलो, मी आणि दोघी मुली. यजमान कामामुळे तिकडेच राहिले. घर तुम्हाला माहीत आहे. घराची मागची भिंत आणि देवळाचा सभामंडप यांच्यामध्ये एक अंगण, बस्स. देवापुढे कोणी खोकलं तर आमच्या माजघरात ऐकू येतं.

मेलबर्नचं घड्याळ आपल्यापुढे साडेपाच तास. इथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेसात, म्हणजे लहान मुलांची निजायची वेळ. आणि इथे रात्रीचा दीड वाजतो तेव्हा तिथे सकाळचे सात. शरीर विमानातून एका दिवसात येतं, झोप मागून चालत येते. तिला आठ-दहा दिवस लागतात. याला जेट लॅग म्हणतात. मोठा माणूस चहा पिऊन निभावतो. लहान मुलाला कळतच नाही की आपल्याला काय होतंय. ते वरणभातात डोकं ठेवून झोपतं, आणि मध्यरात्री उठून नाश्ता मागतं.

मी वाचणारी बाई. येण्याआधी तीन पुस्तकं वाचली, मुलींच्या डॉक्टरांकडून कागद लिहून आणला. तो कागद इथे स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर चिकटवला. जेवणं पहिल्या दिवसापासून इथल्या वेळेनं. दुपारी झोप अर्धा तास, मग उठवायचं, रडलं तरी उठवायचं. संध्याकाळी उन्हात न्यायचं, कारण उतरतं ऊन झोप पुढे ढकलतं. पहाटे जाग आली तर उजेड नको, आवाज नको, गप्पा नकोत, अंथरुणातच पडून राहायचं. आईनं शांत आवाजात एवढंच म्हणायचं: अजून रात्र आहे, झोप.

भाऊंनी चष्मा लावून कागद वाचला. म्हणाले, "चांगला आहे. देवाचंही असंच असतं. ठरल्या वेळी उठवा, ठरल्या वेळी जेवू घाला, ठरल्या वेळी निजवा. फक्त देव रडत नाही."

पहिल्या रात्री दोघी दीडला उठल्या. मी त्यांना साडेचारला कशीबशी निजवलं. आणि पाचला भाऊंनी पहाटेच्या आरतीची घंटा वाजवली. झालं. दोघी रडत उठल्या, केतकी तर अंग टाकून रडली. मीही तीन रात्रींची जागी होते. भाऊ आरती करून आले तशी मी त्यांना म्हटलं, "भाऊ, आठ-दहा दिवस घंटा नाही वाजवली तर नाही का चालणार?"

मंडळी, मी काय मागत होते? चाळीस वर्षांत, तापाच्या दोन पहाटा सोडल्या तर, त्यांनी घंटा कधी चुकवली नव्हती. आई गेली त्या पहाटेही वाजली होती, सुतकात शेजारच्या गुरवांना सांगून त्यांनी ती वाजवून घेतली होती. मला वाटलं, चिडतील. दुपारी बघते तर शिडीवर चढून घंटेच्या आतल्या लोलकाला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधत होते. नुसती वाजवायची नाही एवढं पुरलं असतं. पण म्हणाले, "हात सवयीचा आहे. मी विसरेन, हात विसरणार नाही."

गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. दत्तू शिगवण इथेच बसला आहे. पहिली एसटी तो नेतो, आणि चाळीस वर्षं त्याच्या घरी गजर म्हणजे ही घंटा. दुसऱ्याच दिवशी तो विचारत आला. "भाऊ, देव रजेवर गेला काय?"

भाऊ म्हणाले, "देव उठतो रे हाक न मारता. त्याला सवय आहे. नाती नवीन आहेत."

"मग माझ्या गाडीला उशीर झाला तर?"

"तर सांग, देवळात पोरी झोपल्यात."

दत्तू हसत गेला. खरी गोष्ट अशी की घंटा नाही वाजली तर तो आणि आणखी दोघंतिघं देवळात येऊन बघत, भाऊ बरे आहेत ना. दोनदा तापात त्यांना असंच पाहिलं होतं. आता सगळ्यांना कारण ठाऊक झालं. घंटा मुलींसाठी बंद आहे. कोणी यायचं कारण उरलं नाही.

आणि कागद खरा ठरला, हेही सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी मुली अडीचला उठल्या, पाचव्या दिवशी साडेतीनला, आठव्या दिवशी साडेचारला. दुपारचं रडणं थांबलं. ज्यांना लहान मुलं घेऊन दूर जायचं असेल त्यांनी हे अवश्य करावं. कीर्तनात कोणी असलं सांगत नाही, पण मी सांगते.

फक्त एक गोष्ट कागदात नव्हती. त्या पहाटेच्या वेळी या घरात आणखी एक माणूस जागा होता. रोज साडेचारला उठून अंघोळ करून, फुलं निवडून, मुलींच्या बंद दारावरून पाय न वाजवता जाणारा. आत नाती टक्क जाग्या, बाहेर आजोबा जागा, आणि मध्ये मी. तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, "जाग्याच आहेत तर आरतीला येऊ देत की. चादरीत गुंडाळून घेऊन जातो."

मी म्हटलं, "नको भाऊ. उजेड बघितला की सगळं परत मागे जाईल."

सहाव्या दिवशी पुन्हा विचारलं. "शाल्मलीला एकटीला? नुसती बसेल."

"आणखी चार दिवस. रविवारी दोघींना न्या."

"रविवारी," भाऊ म्हणाले. जणू मी त्यांना काहीतरी दिलंच.

आता शुक्रवार. घंटा बंद असलेली आठवी पहाट. पाच वाजून गेले असतील. खोलीत काळोख. शाल्मली उठून बसली आणि म्हणाली, "आई, आजोबांचं काहीतरी पडलं."

मी म्हटलं, "अजून रात्र आहे. झोप."

ती आडवी झाली. थोड्या वेळानं पुन्हा. "आई, तबक पडलं. मी बघून येऊ?"

"शाल्मली, अंथरुणातच राहायचं. काय ठरलंय?"

ती राहिली. शहाणी मुलगी आहे, सांगितलेलं ऐकते. केतकीला तर जागही आली नाही. पहिल्यांदाच ती सहाच्या पुढे झोपली होती, आणि मला बरं वाटलं. मंडळी, मला त्या पहाटे खरोखर बरं वाटलं.

सातला सुलभावहिनी मुळ्ये फुलं घेऊन देवळात गेल्या. त्यांची हाक आली तेव्हा मी चहा ठेवत होते. भाऊ गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी कुशीवर होते. निरांजन विझलेलं, तबक दोन हातांवर. डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं, हृदय थांबलं. लगेच गेले की थोडा वेळ होते, ते आता सांगता येणार नाही. मग त्यांनी विचारलं, जसं विचारतात तसंच, "कोणी काही ऐकलं का? साधारण किती वाजता?"

अंगणात तुम्ही निम्मे लोक उभे होता. मी म्हटलं, "नाही. आम्ही तिघीही झोपलो होतो."

शाल्मली माझ्याजवळ उभी होती. म्हणाली, "आई, मी..." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांना वाटलं, पोर घाबरली आहे, आई धीर देते आहे. तो हात तिला गप्प करायला होता.

दत्तू खांबाला टेकून एकच वाक्य परत परत म्हणत होता. "मी घरात बसून होतो हो. पाचला उठून बसलो होतो." त्याला वाटत होतं, घंटा बंद असली तरी आपण एक फेरी मारायला हवी होती. सगळे त्याला समजावत होते, आणि मी ऐकत होते.

त्या वर्षी उत्सव झाला नाही. आम्ही परत गेलो. तिकडे पोचल्यावर पंधरा दिवसांनी शाल्मलीनं विचारलं, "आई, मी खरंच ऐकलं होतं ना?"

मी म्हटलं, "स्वप्न असेल बाळा. तेव्हा तुझी झोप नीट नव्हती."

वाईट आई असं म्हणत नाही, चांगली आईच म्हणते. म्हणूनच मुलाचा विश्वास बसतो. चार महिन्यांनी शाळेतून बोलावणं आलं. मैदानात कोणीतरी शाल्मलीला ढकललं होतं, गुडघा फुटला होता. कोणी ढकललं, विचारलं तर ती म्हणाली, "मला माहीत नाही. मला स्वप्न पडलं असेल." बाईंना वाटलं, ढकलणाऱ्याला घाबरते आहे. ती घाबरत नव्हती. तिच्या डोळ्यांनी बघितलेलं, तिच्या कानांनी ऐकलेलं, तिला आता आपलं वाटत नव्हतं. मी तिची झोप जागेवर आणली आणि तिची जाग काढून घेतली. तेव्हापासून ती असंच बोलते आहे. बस चुकली का? स्वप्न असेल. भूक लागली का? माहीत नाही.

तेव्हा आता तो प्रश्न. हाक कानावर पडली आणि माणूस उठला नाही, तर दोष कशाचा? मी वर्षभर सांगत आले, कागदाचा. घड्याळाचा. थकव्याचा. यातलं एकही खरं नाही. ज्याला ठरवलेलं मोडायचं नसतं, तो ऐकलेलं नाकारतो. आणि ते नाकारायला घरातलं सगळ्यात लहान माणूस सगळ्यात सोयीचं असतं. तुला भास झाला, तू लहान आहेस, तुला काय कळतंय. तुमच्याही घरी कोणीतरी असेल, ज्यानं तुम्हाला काही सांगितलं आणि तुम्ही त्याला स्वप्न म्हणालात. म्हातारा असेल, सून असेल, पोर असेल. आज घरी गेल्यावर त्याच्यासमोर बसा. देव वाट बघेल, त्याला सवय आहे.

दत्तू, वर बघ. तुझा दोष नव्हता. घंटा मी बंद केली होती, आणि तुझ्याआधी जागं व्हायचं काम माझं होतं. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं आणि तुला वर्षभर ते ओझं वाहू दिलं.

शाल्मली, बसूनच ऐक. तुला स्वप्न पडलं नव्हतं. तबक पडलं होतं. तू मला दोनदा सांगितलंस, आणि दोन्ही वेळा तू बरोबर होतीस. मी झोपले नव्हते. तू उठून बसलीस त्याच्या आधीच मी डोळे उघडले होते. तबक पडल्याचा आवाज मीही ऐकला होता.